पट बारा, वाट चार किलोमीटर

कमी पटाच्या शाळांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं : बारा पोरांसाठी दोन मास्तर कशाला? दुसरं : शाळा बंद करून सरकार गरिबांचं शिक्षण संपवायला निघालं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. तेव्हापासून ही दोन वाक्यं एकमेकांवर आदळताहेत. विधिमंडळात, शिक्षक संघटनांच्या मोर्चात, गावच्या पारावर. एक बाजू हिशेबाची वही पुढे करते, दुसरी बाजू थोरांच्या तसबिरी. या गदारोळात ज्याच्याविषयी बोलणं चाललंय ते सहा वर्षांचं मूल सकाळी किती वाजता उठतं, शाळेपर्यंत कसं पोचतं आणि तिथे त्याला नावाने कोण ओळखतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. पहिली ते चौथीची शाळा मुलाला चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर असली पाहिजे, पट बारा असो की सात. पाचवीपासून पुढे, जिथे रस्ता आहे आणि गाडीची खात्री आहे, तिथे शाळा जरूर एकत्र कराव्यात. लहान शाळेत जे खरोखर कमी पडतं ते पुरवायचं असेल तर मुलांना हलवू नका, शिक्षकांना आणि साहित्याला हलवा. आज आपण नेमकं उलट करतो आहोत. ज्यांना हलणं सगळ्यात अवघड त्यांनाच हलवतो आहोत.

हिशेबाच्या वहीपासून सुरुवात करू, कारण ती खोटी नाही. त्या वेळी शासनानेच दिलेले आकडे असे : वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा, त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ मुलं आणि २९ हजार ७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुलं आणि शिक्षकामागे सहा. हा आकडा ऐकून शहरातल्या पालकाला धक्का बसणारच. त्याच्या मुलाच्या वर्गात पन्नास मुलं असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्याच्या २०११ च्या नियमांतही एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा काढायला सहा ते अकरा वयाची किमान वीस मुलं असावीत, अशी अट आहे. तेव्हा एकत्रीकरणाची मागणी करणारे काही कायद्याबाहेरचं बोलत नाहीत. पण शाळा उघडण्यासाठी घातलेली अट म्हणजे असलेली शाळा मिटवण्याची परवानगी नव्हे. विहीर खणण्याआधी पाणी लागेल का हे पाहणं शहाणपणाचं असतं; पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं म्हणून कुणी विहीर बुजवत नाही.

आता त्याहून वजनदार मुद्दा. लहान शाळा मुलांसाठी चांगलीच असते, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः कोयनेच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या द्विशिक्षकी शाळेत शिकले आणि तिथलं उणेपण मला ठाऊक आहे. माझ्या वर्गात आम्ही तिघी होतो. तिघींत एक आजारी पडली तर लंगडीचाही डाव रंगत नसे. चौथीपर्यंत मी कधी कबड्डीचा पुरा संघ पाहिला नव्हता. गुरुजी केंद्रशाळेतल्या बैठकीला गेले की दुसऱ्या गुरुजींकडे चारही वर्ग. आणि त्या दोघांपैकी एकाचं मन शिकवण्यात नव्हतं. मोठ्या शाळेत अशा शिक्षकाचा एक तास किंवा एक वर्ष जातं. आमच्याकडे दोन वर्षं गेली, कारण दुसरं माणूसच नव्हतं. आज तर त्यात ऑनलाइन माहिती भरणं, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, फोटो काढून पाठवणं यांची भर पडली आहे. एकशिक्षकी शाळेत मास्तर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला दिसतो तो पुष्कळदा कामचुकार नसतो, माहिती भरत असतो. मुलांच्या दृष्टीने मात्र परिणाम एकच : फळ्यावर काल लिहिलेलं आजही तसंच.

म्हणून जे म्हणतात की सात मुलांच्या शाळेत ना स्पर्धा, ना गटकाम, ना स्नेहसंमेलन, त्यांचं म्हणणं मी झिडकारत नाही. मुलाला मुलं लागतात. पण त्यासाठी मुलाला रोज सकाळी वाडीतून उचलून चार किलोमीटरवर नेऊन ठेवणं हाच उपाय कसा ठरतो? आणि त्या चार किलोमीटरमध्ये काय काय येतं, हे नकाशावर दिसतं का? नकाशावरचं अंतर सरळ रेषेत असतं. वाडीतलं अंतर म्हणजे ओढा, त्यापुढची घाटी, मग डांबरी रस्ता आणि फाट्यावर गाडीची वाट पाहणं. कोकणात, मावळात, सातपुड्यात जून ते सप्टेंबर ही शाळेच्या पहिल्या सत्राची वेळ आणि तीच ओढ्यांना पाणी येण्याची. उन्हाळ्यात पाहणी करून ‘अंतर दोन किलोमीटर, रस्ता उपलब्ध’ असा शेरा मारता येतो. जुलैत तोच रस्ता कमरेएवढ्या पाण्याखाली असतो. वीस मिनिटं चालून येणारं मूल ओढा फुगला की एक दिवस घरी राहतं. सात किलोमीटर गाडीने जाणारं मूल ओढा ओसरला तरी घरीच राहतं, कारण गाडीवाला येत नाही.

इथे विरोधातला सगळ्यात टोकदार युक्तिवाद येतो आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. तो असा : त्याच वाड्यांमधले पालक आपली पोरं आठ-आठ किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पिवळ्या गाडीतून धाडतात. तेव्हा ओढा आड येत नाही, घाटी आड येत नाही. मग सरकारने गाडी दिली तर काय बिघडलं? खरं आहे, पट घटण्याचं मोठं कारण ती पिवळी गाडीच आहे, जन्मदर आणि मुंबई-पुण्याकडचं स्थलांतर यांच्या जोडीला. पण त्या गाडीत कोण बसतं ते पाहा. ज्या घरात महिन्याचे पैसे देणारं कुणी आहे, सकाळी मुलाला फाट्यापर्यंत सोडायला मोकळं माणूस आहे, गाडी चुकली तर दुचाकी आहे, त्या घरातलं मूल. उरलेल्या बारांमध्ये कोण असतं? ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि जी आजीकडे राहतात. कातकरी वाडीवरची. धनगरवाड्यातली. ज्यांची आई पहाटे मजुरीला बाहेर पडते आणि धाकट्याला आवरून शाळेत न्यायचं काम थोरल्या बहिणीचं असतं, ती बहीणसुद्धा तिसरीतच. ज्या पालकाने अंतर निवडलं त्याची क्षमता जिच्यावर अंतर लादलं गेलं त्या आजीकडे आहे असं गृहीत धरणं, ही या वादातली सगळ्यात मोठी चूक आहे. निवड करणारे निघून गेल्यावर जे उरतात त्यांच्यासाठीच तर सरकारी शाळा असते.

गाडीचं वचन किती टिकतं हे पाहायला फार दूर जावं लागतं, पण जायला हवं. चीनने २००१ पासून खेड्यातल्या लहान शाळा बंद करून मोठ्या शाळा उभारण्याचा धडाका लावला. कारणं हुबेहूब आपलीच : जन्मदर घटला, खेडी ओस पडली, लहान शाळांवरचा खर्च परवडत नाही, एकत्र केल्याने गुणवत्ता वाढेल. दहा वर्षांत तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. इमारती चांगल्या झाल्या, हे नाकारता येत नाही. पण लहान मुलं वसतिगृहात किंवा तासन्‌तास वाटेवर. नोव्हेंबर २०११ मध्ये कान्सू प्रांतात बालवाडीच्या मुलांना नेणाऱ्या नऊ आसनी गाडीत साठाहून अधिक जीव कोंबले होते. तिला अपघात झाला आणि त्यात बहुतांश लहान मुलंच दगावली. देश हादरला. पुढच्याच वर्षी, २०१२ च्या सप्टेंबरात, तिथल्या केंद्र सरकारने सरसकट एकत्रीकरण थांबवण्याचा आदेश काढला. ज्या राजवटीला कुणाचं ऐकायची सवय नाही तिला हे थांबवावं लागलं. आपण त्याच वाटेवर पहिलं पाऊल टाकताना एवढं तरी विचारायला नको का, की आपल्या तालुक्यात शाळेच्या मुलांना नेणाऱ्या गाड्या आज किती आसनी असतात आणि आत किती जण असतात?

समूह शाळेचं उदाहरण म्हणून पानशेत आणि तोरणमाळ ही दोन नावं पुढे केली गेली. दोन्ही प्रयोग कष्टाने उभे राहिले आहेत, त्यांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण तोरणमाळ म्हणजे सातपुड्याच्या डोंगरात दूरदूर विखुरलेले पाडे. तिथे एकत्र शाळा म्हणजे निवासी शाळा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने निवासी शाळेत राहणं आणि सहा वर्षांच्या मुलाने आईपासून महिनोन्‌महिने लांब राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवासी व्यवस्थेचा आपला अनुभव काय आहे? आदिवासी आश्रमशाळांमधल्या मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला राज्याला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली होती. ताप अंगात मुरेपर्यंत कुणाच्या लक्षात न येणं, हे लहान मुलाच्या बाबतीत जिवावरचं दुर्लक्ष असतं. घरी असतं तर आजीने कपाळाला हात लावून संध्याकाळीच ओळखलं असतं.

लहान मुलाच्या शिक्षणाचा आणि त्याच्या सुखाचा पाया मला इथेच दिसतो : आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. दोन वर्षांपूर्वी मावळातल्या एका वाडीच्या शाळेत मी अर्धा दिवस बसले होते. पट अकरा. परिपाठ सुरू झाला, बाईंनी हजेरी न घेताच नजर फिरवली आणि चौथीतल्या मुलाला म्हणाल्या, “जा रे, बघून ये, का नाही आली ती.” पोरगा धावत गेला, दहा मिनिटांत धाकटीला हाताला धरून घेऊन आला. तिच्या आईला पहाटेच रोजावर जावं लागलं होतं, वेणी घालायला कुणी नव्हतं, म्हणून ती घरात लपून बसली होती. बाईंनी वर्ग चालू ठेवून तिची वेणी घातली. शिक्षणशास्त्राच्या कुठल्या निर्देशांकात ही नोंद होईल? एकशे साठ मुलांच्या समूह शाळेत, चार वाड्या पलीकडे, ती मुलगी फक्त त्या दिवशीच्या हजेरीपटावरचा एक ‘गै.’ झाली असती. दुसऱ्या दिवशीही. मग महिन्याअखेरीस ‘सतत गैरहजर’. मुलगी शाळेतून गळते ती एका दिवसात गळत नाही. पहिल्या वीस दिवसांत तिला आणायला कुणी येत नाही म्हणून गळते.

‘हे सगळं मायेचं झालं, पण ती वाचायला शिकते का?’ असं कुणी विचारेल आणि ते विचारायलाच हवं. माया आणि अडाणीपण एकत्र नांदू शकतात. पण एका खोलीत चार इयत्ता असणं म्हणजे शिकणं खुंटणं, हे समीकरण मात्र चुकीचं आहे. कोलंबियात १९७० च्या दशकात डोंगराळ भागातल्या एकशिक्षकी शाळांसाठीच ‘नवी शाळा’ नावाची पद्धत घडवली गेली. मुलं आपापल्या गतीने कार्डांवरून, गटात बसून शिकतात, मोठी मुलं लहानांना हात देतात आणि शिक्षक फिरत राहतो. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेने आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी असंच काम केलं आणि त्यातून कर्नाटकात १९९५ च्या सुमारास ‘नली-कली’ ही पद्धत रुजली. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल करून पाहत स्वतः शिकतं अशा पद्धतीने जे करून दाखवलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून जात होत्या. त्या मुलांना कुणी दुसऱ्या गावी हलवलं नव्हतं. हलवली होती ती शिकवण्याची रीत. चार इयत्ता एकत्र बसवणं ही अडचण आहे असं मानून तिच्यावर पांघरूण घालणारा शिक्षक आणि ती शिकवण्याची एक वेगळी कला आहे असं मानून तिच्यासाठी तयार झालेला शिक्षक, यांच्या शाळा दिसायला सारख्याच, पण आतून अगदी वेगळ्या. आणि दुसऱ्या तऱ्हेचे शिक्षक घडवण्यावर आपण किती मेहनत घेतली? वर्षानुवर्षं शिक्षकांचं प्रशिक्षण मुख्यतः एक वर्ग, एक शिक्षक, एक पाठ हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून होतं. आणि मग त्याच शिक्षकाची पहिली नेमणूक होते वाडीवर.

इथेच शाळा वाचवा म्हणणाऱ्या आपल्या बाजूच्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. आपण उदाहरणं देतो ती असामान्य माणसांची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडायच्या बेतात होती, पट तीनवर आला होता. दत्तात्रय वारे आणि गावकऱ्यांनी ती पुन्हा अशी उभी केली की पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा मान तिला मिळाला. अभिमान वाटावा अशाच या गोष्टी. पण धोरण असामान्य माणसांच्या भरवशावर रचता येत नाही. जालिंदरनगरमधून घ्यायचा तो एवढाच धडा : तीन पट हा शाळेचा अंत असेलच असं नाही, कारण शाळेत काही घडतंय असं दिसलं की पालक परत येतात. बंद केलेल्या शाळेत परत यायला जागाच उरत नाही. एकदा कुलूप लागलं, पत्रे उडाले, खोली ग्रामपंचायतीच्या सामानाने भरली, की नंतर पाच घरं परत गावी आली तरी शाळा परत येत नाही.

‘पैसा नाही’ हे उत्तर मात्र इतकं जुनं आहे की त्याला इतिहासच उत्तर देतो. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं, की शेतकऱ्यांच्या घामातून जमा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातली प्राथमिक शाळा कोरडी राहते. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्रज सरकारच्या केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. पैशाची अडचण, लोकांची तयारी नाही, अशी कारणं पुढे आली आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. ज्या साम्राज्याला परवडत नव्हतं ते बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ पासून अमरेली भागात सुरू केलं होतं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं. कोल्हापूरसारख्या छोट्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आज आपण उलट्या टोकाला आलो आहोत. पालक मूल धाडायला तयार आहे, मूल यायला तयार आहे, आणि शाळाच म्हणते की तुम्ही कमी आहात.

आणि बचत नेमकी कुठे होते? कायम शिक्षक शाळा बंद झाल्याने घरी जात नाहीत; त्यांचं समायोजन होतं, म्हणजे दुसऱ्या शाळेत नेमणूक. बचत होते ती पुढे भरायच्या जागा न भरण्यात. म्हणजे समूह शाळेच्या नावाखाली शेवटी भरतीच आखडली जाते का, हा प्रश्न शिक्षक संघटना विचारतात तेव्हा तो फक्त नोकरीचा प्रश्न नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं स्पष्ट आहे. २०२४ मध्ये संचमान्यतेच्या (शाळेत किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याच्या) आणि नेमणुकीच्या शासननिर्णयांनी वीसपर्यंतच्या शाळेत एका नियमित शिक्षकावर भागवून दुसऱ्या जागी निवृत्त किंवा कंत्राटी माणूस चालेल, असा रस्ता धरला. एकशिक्षकी शाळा करायची, ती एकशिक्षकी असल्यामुळे ढासळली की गुणवत्तेचं कारण दाखवायचं आणि मग ती मिटवायची. या क्रमाने गेलं तर कुठलीच लहान शाळा कधीच चांगली ठरणार नाही.

शाळा गेल्यावर वाडीचं काय जातं, याचा हिशेबही कुणी करत नाही. वाडीला ग्रामपंचायत नसते, ती मुख्य गावात असते. दवाखाना नसतो, बँक नसते. सरकार वाडीपर्यंत येतं ते शाळेच्या रूपाने. लसीकरण शाळेच्या ओट्यावर, मतदान शाळेच्या खोलीत, पंधरा ऑगस्टचा झेंडा शाळेच्या पटांगणात आणि त्या दिवशी मुंबईहून आलेला चाकरमानी वह्यांचा गठ्ठा देतो तोही तिथेच. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा म्हणतो. रोजावर जाणारी बाई वाडीतल्या शाळेत संध्याकाळी समितीच्या बैठकीला येऊन बसते, खिचडीत डाळ पातळ का आहे ते विचारते. तीच बाई पाच किलोमीटरवरच्या समूह शाळेच्या बैठकीला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून जाईल? गेली तरी तिथे पाच गावच्या पुढाऱ्यांमध्ये तिचा आवाज किती चालेल? शाळा लांब गेली की शाळेवरची गावाची नजर जाते, आणि ज्या शाळेवर कुणाची नजर नाही तिची गुणवत्ता कोण राखणार?

मग करायचं काय? आपल्याकडे ढाचा आहे, तो वापरायचा आहे. राज्यात ४ हजार ८६० केंद्रं आहेत. दहा-पंधरा शाळांमागे एक केंद्रशाळा, तिला केंद्रप्रमुख. आज या केंद्रांचा मुख्य उपयोग माहिती गोळा करून वर पाठवण्यासाठी होतो आणि केंद्रप्रमुखांच्या कित्येक जागा रिकाम्या असतात. या केंद्रालाच ‘समूह’ माना. संगीत, चित्रकला, खेळ, इंग्रजी यांचे शिक्षक केंद्रावर नेमा आणि त्यांना आठवड्यात ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वाडीवर जाऊ द्या; ग्रंथपेटी, प्रयोगाचं साहित्य त्यांच्याबरोबर जाऊ द्या. तिशीतल्या माणसाने दुचाकीवरून ओढा पार करणं सहा वर्षांच्या मुलाने पार करण्यापेक्षा सोपं आहे. शनिवार तर ‘आनंददायी शनिवार’ म्हणून शासनानेच मोकळा केला आहे. महिन्यातले दोन शनिवार चार-पाच वाड्यांची मुलं एका शाळेत जमवा, एकदा या वाडीत, एकदा त्या. कबड्डीचा पुरा संघ होईल, लेझीम होईल, दुसऱ्या गावची मैत्रीण होईल. त्या दोन दिवसांच्या गाडीचा खर्च रोजच्या गाडीपुढे किती?

ही कल्पना माझी नाही. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गोरगरीब, आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मुलं बालवाडीत येत नाहीत. त्यांनी मुलांना दोष दिला नाही, पालकांना दिला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी जन्माला आली. थोडी मोठी मुलं गुरं चारायला जातात म्हणून येत नाहीत, हे दिसल्यावर शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. पुढे याच राज्याने वस्तीशाळा काढल्या. अल्प मानधनावर हजारो तरुण-तरुणींनी तांड्या-पाड्यांवर छपरात वर्ग चालवले. आज कमी पटाच्या म्हणून ज्या शाळा यादीत आल्या आहेत त्यांतल्या पुष्कळ त्या वस्तीशाळांमधूनच उभ्या राहिल्या आहेत. मुलापर्यंत शाळा नेण्याची आपली ही परंपरा जगाने उचलावी अशी आहे आणि ती आपणच मोडीत काढायला निघालो आहोत.

अपवाद असतील, आणि ते मान्य करायला हवेत. एकाच गावात दोनशे पावलांवर दोन शाळा असतील, कधीकाळी गटातटाच्या भांडणातून निघालेल्या, तर त्या एक करा. वाडीत एकच मूल उरलं असेल आणि पुढची शाळा दहा मिनिटांवर सपाट वाटेने असेल, तर त्या एकट्या मुलाला सोबत मिळावी हेच बरं. तिथे शाळा टिकवण्याचा हट्ट मुलाच्या नावावर गावाचा मान टिकवण्यासाठी असतो. सहावी-सातवीला विज्ञान आणि गणिताचे वेगळे शिक्षक लागतात, त्या वयाची मुलं सायकल चालवतात. त्यांच्यासाठी चांगली मोठी शाळा हवीच. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं निघेल. म्हणूनच मुंबई-पुण्यात बसून ‘वीसपेक्षा कमी’ असा एक आकडा राज्यभर फिरवणं चुकीचं आहे.

शाळा एकत्र करण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला पट आणि अंतर यांच्याबरोबर आणखी काही माहिती जोडलेली असली पाहिजे, अशी मागणी येत्या ग्रामसभेत करता येईल. वाटेत ओढे किती आणि वर्षातले किती दिवस ते ओलांडता येत नाहीत. गाडी कोण पुरवणार, किती वर्षांसाठी, आणि ती आली नाही तर मुलांना कोण आणणार. त्या पटातली किती मुलं आजी-आजोबांकडे राहतात. आणि प्रस्तावावर सही करणारे साहेब जुलै महिन्यात, पहिलीतल्या एका मुलाचा हात धरून, त्याच्या घरापासून नव्या शाळेपर्यंत कोणत्या तारखेला चालत गेले होते.